खांदेरी, १६७९ : भर पावसाळ्यातले एक काम

सियालदह स्टेशनच्या बाहेर जो रस्ता उत्तरेला श्यामबाजारकडे आणि दक्षिणेला मौलालीकडे जातो, त्याला जुने लोक अजूनही सर्क्युलर रोडच म्हणतात. उत्तरेकडच्या भागाला आता आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि दक्षिणेकडच्या भागाला आचार्य जगदीशचंद्र बोस रोड अशी नावे आहेत. आपल्यापैकी बहुतेक जण या रस्त्याने रोज जातात-येतात. पण हा रस्ता ज्या रेषेवर आहे, तिथे एके काळी खंदक होता आणि तो आपल्या लोकांच्या भीतीने खणला गेला होता, हे कलकत्त्यात नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाला सहसा ठाऊक नसते. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालवर चालून आले, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायचे ठरवले. त्यातला सुमारे तीन मैल खणून झाला, मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत, आणि काम अर्धवट राहिले. पुढे १७९९ मध्ये तो बुजवून रस्ता करायला घेतला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ हे गल्लीचे नाव तेवढे राहिले आहे.

इथल्या बंगाली सहकाऱ्यांना मराठ्यांची जुनी ओळख आहे ती ‘बर्गी’ म्हणून. लहान मुलांना झोपवताना म्हणायच्या गाण्यातसुद्धा बर्गी आहेत. चहा पिता पिता कोणीतरी थट्टेने तो विषय काढतोच. त्या स्वाऱ्यांत गावेच्या गावे लुटली गेली, जाळली गेली, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्या ईस्ट इंडिया कंपनीने इथे खंदक खणू दिला, तिची आणि मराठ्यांची समुद्रावरची गाठ त्याच्या ६३ वर्षे आधीच पडली होती. त्या प्रसंगात घोडे नव्हते, लूट नव्हती. होते ते एक खडकाळ बेट, उलटसुलट वारा, दगड वाहणारी माणसे आणि लहान लहान होड्या. यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मला खांदेरीच आठवली. एक तर विषय आपल्या मातीतला आहे, आणि दुसरे म्हणजे आपल्यासारख्या रेल्वेच्या बांधकाम खात्यातल्या माणसाला त्यात समजण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम जागा समजून घेऊ. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला अलिबागकडे जाताना थळ नावाचे गाव लागते. थळच्या समोर समुद्रात दोन बेटे दिसतात. किनाऱ्याजवळचे लहान ते उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे मोठे ते खांदेरी. खांदेरी किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटर आणि मुंबईपासून सुमारे २० किलोमीटर. इंग्रजांना ही नावे नीट उच्चारता येत नसत, म्हणून त्यांच्या कागदांत ‘हेनरी’ आणि ‘केनरी’ असे उल्लेख येतात. कोणाला वाटावे दोन साहेबच आहेत! खांदेरीवर दोन टेकड्या आहेत, एक मोठी, एक लहान, आणि मध्ये सखल भाग. बोट लागण्याजोगी जागा या मधल्या भागालगतच. बाकी सगळीकडे काळा खडक आणि त्यावर आपटणाऱ्या लाटा.

या बेटावर उभे राहिले की मुंबई बंदरात जाणारे-येणारे प्रत्येक जहाज दिसते. इंग्रजांना धसका होता तो याचाच. शिवाजी महाराजांना खांदेरी हवी होती तिचे कारण मात्र मुख्यतः इंग्रज नव्हते, जंजिऱ्याचा सिद्दी होता. सिद्दीचे आरमार मोगलांच्या पैशावर पोसले जाई आणि पावसाळा आला की मुंबईच्या आश्रयाला येऊन राही. तिथून निघून मराठ्यांच्या किनाऱ्यावर जाळपोळ करावी, माणसे धरून न्यावीत आणि पुन्हा मुंबईत येऊन नांगर टाकावा, असा क्रम होता. इंग्रज कधी तक्रार करत, कधी डोळेझाक करत. जंजिरा आणि मुंबई यांच्यामधली ही ये-जा अडवायची तर वाटेत पाय रोवायला जागा हवी. १६७२ च्या सुमारास खांदेरी बांधायचा विचार एकदा झाला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघांच्याही विरोधामुळे तो तिथेच थांबला.

समुद्रातल्या खडकावर किल्ला बांधणे म्हणजे काय, याचा अनुभव मराठ्यांना तोपर्यंत चांगला आला होता. मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले. त्यानंतर जंजिऱ्याच्या अगदी नाकासमोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभा राहिला. या पद्मदुर्गासंबंधी जानेवारी १६७५ चे महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना लिहिलेले आहे. पद्मदुर्गाला पैसा आणि धान्य पोहोचवा असा हुकूम असताना त्यांनी ते पोहोचवले नाही, काम खोळंबले, म्हणून महाराजांनी त्यांची अशी खरडपट्टी काढली आहे की आजही वाचताना अंगावर काटा येतो. तुम्ही हबशाकडून काही घेतले की काय, असा सरळ संशयच घेतला आहे, आणि जात पाहून गय केली जाणार नाही हेही सुनावले आहे. मी हे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली. किल्ल्यांचा इतिहास म्हणजे तलवारी आणि तोफा, असे शाळेत शिकलो होतो. इथे महाराज रागावले आहेत ते मटेरियल वेळेवर पोहोचले नाही म्हणून!

त्याच पद्मदुर्गाच्या बळावर पुढे जंजिऱ्यावर रात्री शिड्या लावायचा बेत झाला. लाय पाटील या कोळी सरदाराने आपल्या माणसांसह अंधारात जाऊन खवळत्या पाण्यात तटाला शिड्या लावल्या, पण वर चढायला येणारी मोरोपंत पेशव्यांची तुकडी वेळेवर पोहोचली नाही आणि उजाडू लागल्यावर शिड्या काढून परत यावे लागले. महाराजांनी लाय पाटलांना पालखी देऊ केली. दर्यावर्दी माणसाला पालखी काय करायची, म्हणून त्यांनी ती नम्रपणे नाकारली. तेव्हा एक गलबत बांधून त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले आणि ते त्यांना दिले, असे सांगतात.

आता १६७९ साल. हे साल मराठी राज्याला सोपे नव्हते. युवराज संभाजीराजे आदल्या डिसेंबरात दिलेरखानाकडे निघून गेले होते आणि अजून परतले नव्हते. औरंगजेबाने एप्रिलमध्ये जिझिया पुन्हा बसवला होता. दख्खनेत मोगलांची फौज हालचाल करत होती. अशा वेळी खांदेरीचे काम काढले, तेही ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे कोकणात पाऊस अजून पुरता ओसरलेला नसताना.

हा मुहूर्त मुद्दाम निवडला होता असे मला वाटते. पावसाळ्यात मोठी जहाजे समुद्रात नसतात. ती बंदरात नाहीतर खाडीत शाकारून ठेवलेली असतात, डोलकाठ्या उतरवलेल्या, खलाशी रजेवर. नारळी पौर्णिमेनंतर दर्या हळूहळू शांत होऊ लागतो, पण कोळ्याची होडी ज्या दिवशी बाहेर पडू शकते त्या दिवशी इंग्रजांचे फ्रिगेट तयार असतेच असे नाही. मधले हे जे दोन-चार आठवडे, तेवढ्यात बेटावर पाय रोवून छातीइतकी भिंत उभी केली की पुढचे काम भिंतीच्या आडून करता येते. आपण लोक दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ब्लॉक घेऊन रूळ बदलतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे ब्लॉक कंट्रोलने दिलेला नव्हता, वाऱ्याने दिलेला होता, आणि तो केव्हा रद्द होईल हे कोणालाच माहीत नव्हते.

थळला माणसे आणि सामान जमू लागल्याची बातमी मुंबईला पोहोचली. इंग्रजांनी एन्साइन डॅनियल ह्यूज याच्याबरोबर तीन शिबाडे आणि सुमारे ४० गोरे शिपाई पाठवले. सप्टेंबरच्या मध्याला मायनाक भंडारी बेटावर उतरले. त्यांच्याबरोबर १५० माणसे आणि चार लहान तोफा होत्या, असे इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहे. नंतरच्या इतिहासकारांनी ३०० शिपाई आणि तितकेच मजूर असा आकडा दिला आहे. पहिल्या फेरीत थोडी माणसे गेली आणि पुढे भर पडत गेली, असे धरले तर दोन्ही आकड्यांत विरोध राहत नाही. इंग्रजांनी निरोप पाठवला, बेट आमचे आहे, सोडून जा. मायनाकांचे उत्तर सरळ होते : धन्याचा हुकूम आल्याशिवाय जाणार नाही. इकडे बोलणी चालू असताना तिकडे उतारावर दगड रचला जात होता. इंग्रजांनी पाहिले तेव्हा भिंत हातभर वर आली होती.

इंग्रजांच्या या तारखा जुन्या कालगणनेच्या आहेत. आजच्या हिशेबाने त्यांत १० दिवस मिळवावे लागतात. मी पंचांग मागे मोजून पाहिले. मायनाक बेटावर उतरले तो भाद्रपदाचा वद्य पक्ष येतो. म्हणजे थळ-नागावच्या घरांतले गणपती नुकतेच पोहोचवले गेले होते आणि पितृपक्ष चालू होता. कोकणातला घरचा सण सोडून कोणी कामाला जात नाही, हे आपण सगळे जाणतोच. सण आटोपला आणि माणसे निघाली, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

या कामाचा अंदाज घ्यायचा तर थोडा हिशेब करावा. हा हिशेब माझा आहे, कागदातला नाही. १५० माणसांना माणशी रोज पाऊण किलो धान्य धरले तर दिवसाला एकशे बारा किलोच्या जवळपास आणि महिन्याला ३४ क्विंटल लागणार. पिण्याला आणि रांधण्याला माणशी फक्त ५ लिटर पाणी धरले तरी दिवसाला साडेसातशे लिटर. आज बेटावर विहीर आहे, पण पहिल्या आठवड्यात पावसाचे पाणी साठवणे किंवा पिंपांतून आणणे याशिवाय दुसरा उपाय नसावा. त्याखेरीज दारू, गोळे, चुना, लाकूड, दोर, पहारी, घण. दगड मात्र जागेवरच मिळणार होता, कारण सगळे बेटच काळ्या पाषाणाचे. बाकी प्रत्येक वस्तू होडीतून ५ किलोमीटर समुद्र ओलांडून आणायची आणि लाटांत उतरवून घ्यायची.

या भागात भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या ओहोटीला खडक उघडे पडतात, तेव्हा पायथ्याची कामे करून घ्यायची. भरती आली की वर सरकायचे. तटाबाहेर मोठमोठे धोंडे अस्ताव्यस्त टाकलेले आजही दिसतात. लाटेचा जोर आधी त्या धोंड्यांवर मोडतो आणि तटाला धक्का कमी बसतो. शिवाय धोंड्यांवर कालवे धरतात आणि त्यांची धार अशी असते की अनवाणी माणूस त्यावरून चढू शकत नाही. आपण नदीच्या पुलाच्या खांबांभोवती बोल्डर टाकतो ते खाली माती वाहून जाऊ नये म्हणून. इथे त्याच धोंड्यांकडून पहारेकऱ्याचेही काम करून घेतले आहे.

१९ सप्टेंबरला इंग्रजांनी हात घातला. लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प आपले शिबाड घेऊन थेट बेटाला भिडला. अर्धवट भिंतीच्या आडून गोळीबार झाला, त्यात थॉर्प आणि आणखी दोघे ठार झाले, काही जखमी झाले, आणि बाकीचे मागे हटले. भिंत पुरी व्हायची होती, चुना वाळायचा होता, तरी ती उपयोगी पडली. बेटावर उतरून मराठ्यांना हाकलणे जमणार नाही, हे त्या दिवशी इंग्रजांच्या लक्षात आले. उरला उपाय एकच, नाकेबंदी. रसद तोडली की माणसे उपासमारीने आपोआप उतरतील, असा त्यांचा कयास होता. ‘रिव्हेंज’ आणि ‘हंटर’ ही फ्रिगेटे आली. वर कॅप्टन विल्यम मिंचिन आणि कॅप्टन रिचर्ड केग्विन यांच्यासारखे अनुभवी अधिकारी होते. (हाच केग्विन पुढे १६८३ मध्ये कंपनीविरुद्ध बंड करून वर्षभर मुंबई बळकावून बसला. त्याची हकिगत मोठी रंजक आहे, पण ती पुन्हा कधीतरी.)

पुढे दोन-तीन महिने जे चालले, त्यात लढाईचे दिवस थोडे आणि हवेशी झगडण्याचे दिवस फार. परतीच्या पावसाचा तो काळ. सकाळी लख्ख ऊन, दुपारी आभाळ भरून वावटळ, संध्याकाळी पान हलत नाही. रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो, त्याला कोळी मतलई म्हणतात. दिवस वर आला की तो पडतो आणि समुद्राकडून वारा सुरू होतो. शिडाच्या मोठ्या जहाजाला या सगळ्यात सतत जागा बदलावी लागते. वारा जोराचा असला तर खडकांपासून दूर राहावे लागते, वारा पडला तर जिथे आहे तिथे डुलत बसावे लागते. जवळ यावे तर पाणी उथळ.

मराठ्यांची होडी याच्या उलट. तळ सपाट, अंग हलके, वल्ही चालवायला माणसे भरपूर. वारा पडला की ती मोकळी. थळ आणि नागावच्या बाजूने अंधारात निघायचे, उथळ पाण्यातून, खडकांच्या ओळखीच्या वाटांनी बेट गाठायचे, सामान टाकायचे आणि उजाडायच्या आत परत. इंग्रजांची जहाजे समोर दिसत असूनही त्यांना पोहोचता येत नसे. मुंबई-सुरतेच्या पत्रांतून ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, की या लहान होड्या आमच्यापेक्षा जलद जातात आणि आमच्या हाती लागत नाहीत. रात्रपाळीला मान्सून पेट्रोलिंग केलेल्या कोणालाही अंधारात, पावसात, ओळखीच्या वाटेने, पायाखालचा दगड न् दगड आठवत चालणे म्हणजे काय ते सांगायला नको. तांडेल आणि वल्हेकरी यांचे ते रोजचे कामच होते. इतकेच, की आता वाटेत तोफा होत्या.

१८ ऑक्टोबरला मोठी चकमक झाली. पंचांगाने ही अश्विन वद्य सप्तमी-अष्टमी येते, दिवाळी आठवड्यावर आलेली. पहाटे डोक्यावर अर्धा चंद्र असणार, पाठीला मतलई असणार. दौलतखान चाळीस ते पन्नास गलबते घेऊन किनाऱ्याकडून निघाला आणि दिवस उगवता उगवता खांदेरीपाशी नांगरलेल्या इंग्रजी जहाजांवर येऊन आदळला. इंग्रजांची एकूण आठ जहाजे होती : रिव्हेंज, दोन गुराबा, तीन शिबाडे, दोन मचवे, आणि त्यांवर सुमारे २०० गोरे. मराठे इतक्या वेगाने आले की नांगर उचलायलासुद्धा नीट वेळ मिळाला नाही. ‘डव्ह’ नावाची गुराब शरण आली आणि तिच्यावरचे लोक कैद होऊन सागरगडावर गेले. लहान जहाजांपैकी पाच पळाली. एकटे रिव्हेंज मात्र जागेवर टिकले. मिंचिन आणि केग्विन यांनी तोफांचा मारा इतका नेटाने केला की मराठ्यांची पाच गलबते बुडाली आणि उरलेली नागोठण्याच्या खाडीकडे वळली.

इंग्रज इतिहासकार हा आपला विजय मानतात. आपल्याकडच्या काही पुस्तकांत तो मराठ्यांचा दणदणीत विजय आहे. मला दोन्ही पटत नाही. खुल्या पाण्यात, वारा असताना, एका चांगल्या फ्रिगेटपुढे लहान गलबतांचा निभाव लागत नाही हे त्या दिवशी सिद्ध झाले, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पण त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही खांदेरीवर धान्य पोहोचतच राहिले आणि भिंत वर जातच राहिली. आरमाराला इंग्रजांची जहाजे बुडवायची नव्हती. बेटावरच्या माणसांना पुरते काम होईपर्यंत जेवू घालायचे होते. त्या कसोटीला लावले तर निकाल दुसरा निघतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला आणि त्याने बेटावर जोराचा तोफमारा सुरू केला. इथे इंग्रजांची पंचाईत झाली. सिद्दीने खांदेरी जिंकली तर ती तो आपल्याला थोडीच देणार? मराठ्यांपेक्षा तो शेजारी वाईट. वर खर्च वाढत चाललेला, सुरतेचे वरिष्ठ पैशांवरून कुरकुर करत होते, आणि मराठ्यांच्या मुलखातला व्यापार बंद पडून मुंबईच्या पेठेला झळ बसू लागली होती. शेवटी जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली आणि मार्चमध्ये तह झाला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. इंग्रजांनी पाठ फिरवताच सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिथे आपली तटबंदी घातली. दौलतखानाने तिच्यावर हल्ला केला, त्यात तो स्वतः जखमी झाला, पण उंदेरी हाती आली नाही. पुढे कित्येक वर्षे समोरासमोरची ही दोन बेटे एकमेकांवर तोफा डागत राहिली. तह झाल्यावर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत पुरे झालेले समुद्रावरचे हे शेवटचे मोठे काम.

या सगळ्या हकिगतीतली एक गोष्ट मला सतत बोचते. मायनाक भंडारी यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. दौलतखानाचे आहे. थॉर्पचे आहे, इतकेच काय, त्याच्याबरोबर मेलेल्या दोघा गोऱ्यांची नावेही कंपनीच्या दप्तरात नोंदलेली आहेत. पण ज्यांनी दगड फोडले, चुना मळला, लाटेत कमरेइतके उभे राहून पोती झेलली, अंधारात वल्ही मारली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव हाती लागत नाही. एवढेच सांगता येते की त्यांत कोळी होते, भंडारी होते, मुसलमान खलाशी होते, घाटावरचे शिपाईही असतील. तपशिलांपैकी बराचसा भाग आपल्याला मिळतो तोही शत्रूच्या पत्रांतून, कारण कंपनीचे कारकून रोजचा खर्च, रोजची हवा, रोजचे नुकसान लिहून सुरतेला पाठवत. आपल्या बाजूचे असे कागद बहुतेक गेले. आपल्या खात्यातही पुलाच्या पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचे नाव असते, गँगमनचे नसते. पण निदान मस्टर तरी कुठेतरी सापडते.

खांदेरीची पुढची कथा थोडक्यात सांगतो. कान्होजी आंग्र्यांच्या काळात ती त्यांच्या आरमाराचे महत्त्वाचे ठाणे झाली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठी तयारी करून तिच्यावर चढाई केली, ती फसली. जी भिंत मायनाकांच्या माणसांनी तोफांखाली उभी केली होती, तिच्यासमोर ३९ वर्षांनी कंपनी पुन्हा हात हलवत परतली. १८१८ मध्ये मराठी राज्यच गेले, तेव्हा बेट इंग्रजांकडे गेले. १८६७ मध्ये त्यांनी मोठ्या टेकडीवर दीपगृह बांधले. ज्या बेटावरून आपली जहाजे टेहळली जातील म्हणून ते घाबरत होते, त्याच बेटावरून आपल्या जहाजांना वाट दाखवण्याची व्यवस्था त्यांनीच केली. बेट मुंबई बंदराच्या ताब्यात असून त्याला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले आहे. भारतीय नौदलाने ‘आयएनएस खांदेरी’ हे नाव १९६८ मध्ये एका पाणबुडीला दिले होते, आणि माझगाव गोदीत बांधलेली त्याच नावाची नवी पाणबुडी २०१९ मध्ये सेवेत आली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात रायगड-राजगडाच्या पंगतीत खांदेरीही आहे.

दिवाळीत किंवा नाताळच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी एक दिवस काढून तिकडे जरूर जावे. गेटवेहून मांडव्याला लाँच मिळते, तिथून अलिबागच्या रस्त्याने थळ. बेटावर उतरण्याच्या परवानगीची आधी चौकशी करावी. थळच्या बंदरात मचवा ठरवताना भरतीची वेळ विचारून घ्यावी, ओहोटीला मचवा बाहेर काढता येत नाही. शक्यतो सकाळी लवकर निघावे. दुपारनंतर वारा सुटतो आणि परतताना लहान मुलांचे, बायकामाणसांचे आणि खरे सांगायचे तर आपलेही हाल होतात. बेटावर वेताळाचे देऊळ आहे, कोळी लोकांची तिथे फार श्रद्धा. दीपगृहाकडे जाताना वाटेत एक मोठा खडक आहे, त्यावर दगडाने मारले की भांड्यासारखा आवाज येतो. मुलांना तो सगळ्यात आवडतो. तोफा पाहून झाल्या की तटाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे धोंडे टाकले आहेत तिथे, ओहोटी असेल तर जपून खाली उतरावे. पायांत जाड तळाचे बूट असू द्यावेत.